फिलू मावशी, शॅरनचं पाणी आणलं

फिलू मावशी,

तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, आटोपून सगळे तुझ्या अंगणात चहा घेत उभे होते, तेव्हा तुझ्या सुनेने, लीनाने, मला खुणेने घरामागे बोलावलं. तुझे बोंबील वाळवायचे बांबू तिथे तसेच उभे आहेत, रिकामे. मला वाटलं, खुर्च्या परत करायच्या असतील, नाहीतर कोणाला स्टेशनला सोडायचं असेल. लीना म्हणाली, "सुधीरभाऊ, एक काम हाय, न्हाय म्हनू नका. शॅरनच्या पान्याला मम्मी गानार होती. तुमच्या मशीनमदी मम्मीचा आवाज हाय ना? त्यातनं शॅरनचं नाव काढून द्या."

मी "बघतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुझी नात, लहानपणापासून तुझ्या पदराला धरून लग्नघरं हिंडलेली शॅरन. तिच्या लग्नाच्या हाका फादरनी चर्चमध्ये पुकारून झालेल्या, हॉल ठरलेला, आणि तू मध्येच उठून गेलीस. फादरनी सांगितलं, लग्न थांबवू नका, तिलाही आवडलं नसतं. मग घरच्यांनी ठरवलं, बँड नाही, डीजे नाही, मांडवही साधा. फक्त आदल्या संध्याकाळी विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं, ते मात्र चुकवायचं नाही. आणि त्या पाण्याचं गाणं उत्तनात तुझ्याशिवाय कोणाच्या तोंडी शोभलंय कधी?

तुला आठवतं, पहिल्यांदा माझ्याकडे आलीस ते? हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात. तुझा मुलगा पीटर तुला हाताला धरून जिना चढवत होता आणि तू त्याला शिव्या घालत होतीस, की गानं गायला कारखान्यात कशाला आनलंस. तुझंही बरोबर होतं. डावीकडे बक्कल ठोकायचा प्रेस, उजवीकडे स्टीलची भांडी घासायचं पॉलिश मशीन, आणि मधे माझा स्टुडिओ. भिंतींना कितीही फोम लावला तरी प्रेसचा दणका माइकमध्ये यायचाच. त्यामुळे माझं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यात तू माझ्यासाठी पिशवीभर सुका जवळा आणलेलास. शेजारच्या गाळ्यातले शेठ दारात येऊन नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सुधीरभाई, आज गाना बना रहे हो के चटनी?" तू त्यांना म्हणालीस, "खाके देखो, फिर गाना आएगा." शेठ जे पळाले ते संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत.

मग तू माइकसमोर बसलीस. दोन ओळी गायलीस आणि थांबलीस.

"नवरीचं नाव काय?"

मी म्हणालो, "मावशी, नवरी नाहीये. सीडी काढतोय आपण."

"मंग गाऊ कुनाला?"

"कोणाचंही नाव घे गं."

"कोनाचंही म्हंजे? कोनाचंही असं नाव हाय का?"

मला घाई. सुट्टी संपली की प्रेस सुरू होणार. मी वैतागून माझ्याच मुलीचं नाव सांगितलं, ऋतुजा. तेव्हा ती पाचवीत होती. तू म्हणालीस, बरं, आईचं नाव? वैशाली. आत्याचं? मामाचं? आणि आजी? मी म्हणालो, सुमन. "हाय का गेली?" गेली, म्हटलं. तू मान डोलावलीस आणि डोळे मिटून आमचं पूनम सागरमधलं वन बीएचके अख्खंच्या अख्खं त्या गाण्यात बसवलंस. गेलेल्यांची नावं शेवटच्या कडव्यात, जरा खालच्या सुरात. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, मी नीट ऐकलंही नाही. रात्री जेवताना ते घरी लावलं तर वैशाली ताट सोडून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. माझी आई गेल्यापासून आमच्या घरात तिचं नाव असं मोठ्याने कोणी घेतलंच नव्हतं, 'आई' नाहीतर 'आजी' एवढंच.

मग ती सीडी चालली बघ! उत्तन, गोराई, वसई, कुठे कुठे. आणि जिथे जाईल तिथे नवरी कोणीही असो, गाण्यात ऋतुजा. गोराईत तर एका लग्नात नवरीकडची मावशी उठली आणि भर मांडवात विचारायला लागली, ही ऋतुजा कोण? नवऱ्याची जुनी भानगड तर नाही? तू मला फोन करून हे सांगितलंस तेव्हा हसून हसून तुला ठसका लागला होता. म्हणालीस, "तुज्या पोरीनं शंभर घरची पानी भरलीत रे. तिच्या लग्नाला आता काय उरलं?"

हसण्यावारी गेलं खरं, पण लोकांना आपापली नावं हवी होती. फोन यायला लागले. म्हणून मी तुला नुसती नावं म्हणायला बोलवायला लागलो. तू म्हणायचीस, मी ती कापून गाण्यात चिकटवायचो. पण तुझं एकेका नावामागे किती ते! ही कोनाची? दिसायला कशी? बाप काय करतो? मला काय ठाऊक? कोणी मस्कतवरून नाव पाठवलेलं, कोणी टोरंटोवरून. मी आपलं ठोकून द्यायचो, उंच आहे, बाप बोटीवर आहे. एक दिवस तू हेडफोन काढून ठेवलास. "तू खोटं सांगतंस. मी त्या घरचं पानी प्याली न्हाय, पोरीला बघली न्हाय, आनि नाव घेऊ?" म्हणालीस आणि उठलीस. त्यानंतर नावं म्हणायला कधी आली नाहीस.

मावशी, माझं तेव्हाचं दुखणं तू कधी ऐकून घेतलं नाहीस, आता घे. एके काळी माझ्या गाळ्याबाहेर व्हायोलिनच्या पेट्या ओळीने लावलेल्या असायच्या. ढोलकीवाला, बासरीवाला, कोरसच्या बायका, सगळ्यांसाठी कटिंग सांगता सांगता पोऱ्या दमायचा. मग एक कीबोर्डवाला आला, त्याने सगळ्यांना घरी बसवलं. मग लॅपटॉप आला, त्याने कीबोर्डवाल्याला घरी बसवलं. आता तर मुलं फोनमध्ये दोन ओळी टाईप करतात, की चहा गाळेपर्यंत गाणं तयार, गायक-वादकांसकट. माझ्याकडे कोण येणार? व्हायोलिन वाजवणारे आमचे एक काका आता बेव्हर्ली पार्कला मुलांच्या शिकवण्या घेतात, आणि त्या मुलांना वाटतं की व्हायोलिन हे फोनमधलं एक बटण आहे. असल्या दिवसांत आवाज शिकणारं मशीन माझ्या हाती लागलं. तुझं तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग होतंच. ते मशीनला ऐकवलं. मग काय, कोणतंही नाव टाईप करा, तुझ्या आवाजात, तुझ्या हेलात, तुझ्या त्या किंचित फाटक्या वरच्या सुरात हजर.

तुला ऐकवायला मी कौतुकाने उत्तनला आलो होतो. 'डेल्सिया' असं एका नवरीचं नाव टाईप केलं आणि फोन तुझ्या कानाशी धरला. तू ऐकलंस. परत ऐकलंस.

"हे मी न्हाय म्हनली."

"पण आवाज तुझाच आहे ना?"

"आवाज माजा. म्हनली कोन?"

"मशीन."

"मंग त्याला बोलाव लग्नाला. पाट मांडू, जेवायला वाढू."

मी चिडलो. तुला वाटेल ते बोललो. म्हणालो, तू उत्तनच्या बाहेर जात नाहीस, बाहेरच्या पोरींनी काय करायचं? टोरंटोच्या थंडीत नळाखाली कळशी धरून तुझं गाणं लावतात त्या, व्हिडिओ पाठवतात मला, रडतात. डीजेने सगळ्यांची गाणी खाल्ली, तुझं एकटीचं उरलं ते या मशीनमुळे. तू शांतपणे म्हणालीस, "जायाचं असल तर जाऊ दे." अगं, जाऊ दे काय? म्हटलं, हे तुझ्या बापजाद्यांचं आहे, फुकट घालवायला निघालीस? शेवटी तू हात झटकलेस. "तुला करायचं ते कर. मना सांगू नको." पैशावरून आपलं कधीच वाजलं नाही, तुझा वाटा पीटरकडे पोचत होता. पण त्यानंतर मी अंगणात आलो की तू माझ्याशी हवामानाबद्दल बोलायचीस, बोंबलाबद्दल बोलायचीस, गाण्याबद्दल एक शब्द नाही. मला ते फार लागायचं, मावशी. गाण्यातली माणसं माझ्याभोवती आधीच कमी झाली होती.

फक्त एकदा तू विषय काढलास. बोंबील उलटत होतीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "मी मेले तरी ता मशीन गानार काय?"

"हो. गाणार."

तू दोन काठ्या पुढे सरकलीस. मी वाट बघतोय, आता शिव्या देशील, नाहीतर नाही म्हणशील, नाहीतर एखादे वेळी हो म्हणशील. तू म्हणालीस, "चाय घेतंस?" तुझ्या मनात तेव्हा काय होतं? हो होतं, की नको होतं? तू गेल्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ हाच प्रश्न आला. आता कोणाला विचारू?

त्यामुळे लीनाचं काम घेऊन मी गाळ्यात गेलो तरी हात चालेनात. कीबोर्डवर सहा-सात अक्षरं टाईप करायची, बस. शेजारी प्रेस ठोकत होता. या मशीनला प्रेसचा त्रास नाही, माइकच लागत नाही त्याला. शेवटी टाईप केलं. आणि तू शॅरनचं नाव घेतलंस. सुंदर घेतलंस, खोटं कशाला बोलू! असं की जणू आत्ता मागे वळून म्हणशील, पुरे झालं, आता जवळ्याला फोडणी दे. मी हेडफोन लावून लहान मुलासारखा रडलो. शेठ डोकावले. मला काय झालं ते त्यांना कळेना, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "वो चटनीवाली मौसी?" मी मान हलवली. त्यांनी चप्पल काढून ठेवली, आत आले, आणि शेवटपर्यंत ऐकलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी स्पीकर घेऊन मी उत्तनला पोचलो. आधी शॅरनला ऐकवलं. पोर हळद लावून बसलेली. आजीच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर धरले. "काका, परत लावा." परत लावलं. "परत." ती हसत होती आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. तिला असं बघून मला वाटलं, जिंकलो मी. मावशी, बघ, याच्यासाठी भांडत होतो मी तुझ्याशी.

मग सगळे विहिरीकडे निघालो. बायका पुढे, डोक्यावर कळशा, मी स्पीकर घेऊन मागे. एक सांगतो, इतकी वर्षं तुझी पाण्याची गाणी विकली, पण पाणी आणायला मी कधी आलोच नव्हतो. विहिरीशी सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. तुझा आवाज सुटला त्या झाडांमधून, आणि दोन म्हाताऱ्यांनी लगेच कपाळावर क्रूस काढला. लीनाने कळशी विहिरीत सोडली.

पहिल्या ओळीला बायकांनी तुझ्यामागून ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला निम्म्यांनीच, कारण त्यांचं संपायच्या आत तू पुढे गेलीस. म्हाताऱ्यांना धाप लागते, त्या मागे राहिल्या. तिसरी ओळ कोणीच म्हटली नाही. कळशी अजून खाली बुडबुडत होती आणि तू नावांवर पोचलीसही. तेव्हा मला आठवलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तू ओळीओळीला थांबायचीस, कधी थोडं, कधी बराच वेळ, आणि हात असे वरखाली करायचीस. मला वाटायचं, म्हातारी दमते. मी त्या सगळ्या मोकळ्या जागा कापून गाणं छान आटोपशीर केलं होतं. तू दोर ओढत होतीस गं. कळशी वर येईपर्यंत थांबत होतीस, सगळ्यात मागची म्हातारी ओळ पुरी करेपर्यंत थांबत होतीस. मी सगळं मोजलं, तो दोर नाही मोजला.

गाणं संपलं. कळशी अर्ध्यात लटकलेली. लीना दोर धरून उभी, बाकीच्या पुतळ्यासारख्या. गाणं थांबलं की दोर ओढायचा नाही, असं तुमच्यात आहे हे मला तिथे कळलं. मी खजील होऊन विचारलं, "परत लावू?" शॅरन रडायला लागली, आणि ते मघासारखं रडणं नव्हतं.

आणि लीनाने तोंड उघडलं. मावशी, तुला माहीत आहे लीना कशी गाते. तूच म्हणायचीस, "माज्या सुनंनं गानं म्हटलं की मांजरी पन घरात येत न्हाय." तसाच आवाज, घोगरा, वर गेला की फुटणारा. ती एक ओळ म्हणाली आणि थांबली, आणि दोर ओढला. बायकांनी ओळ म्हटली. सगळ्यात मागच्या म्हातारीने खोकत खोकत संपवली, तेव्हा दुसरी ओळ. मग गाण्यात नावं, शॅरन आली, पीटर आला, नवऱ्यामुलाचे आईबाप आले, तिकडची आत्या आली. कळशी काठाशी आली तशी लीना खालच्या सुरात गेली. तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग थांबली. फार वेळ थांबली. कोणीही घाई केली नाही. दोराची गाठ तिच्या मुठीत, आणि लीना म्हणाली, "फिलोमिना." बायकांनी तुझं नाव म्हटलं. मीही म्हटलं. कधी गायलोय का मी आयुष्यात? पण म्हटलं, मोठ्याने.

लग्न छान झालं. शॅरन सुंदर दिसत होती, जेवणं चांगली झाली, तुझ्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

तुला वाटत असेल, आता हा कान धरून म्हणेल, मावशी, तूच बरोबर. नाही म्हणणार. शॅरनने ती फाईल स्वतःच्या फोनमध्ये घेतलीय, काल सासरहून मेसेज होता की झोपताना ऐकते. तिच्याकडून ती काढून घ्यायचं मला तरी जमणार नाही, आणि तुलाही जमलं नसतं, लिहून देतो. टोरंटोच्या त्या पोरींचंही मला अजून पटतं. त्यांना ना विहीर, ना लीना. आपलं भांडण मिटलेलं नाही.

पण आज सकाळी गाळ्यात आलो तर वसईहून एक ऑर्डर आलेली होती. नवरीचं नाव, आईबापाचं नाव, मामा, आत्या, सगळं व्यवस्थित टाईप केलेलं, आणि खाली, 'मावशींच्या आवाजात पाहिजे, उद्यापर्यंत.' त्यांना माहीत नाही तू गेलीस ते. मी कोणालाच कळवलं नव्हतं. का, ते मलाच विचारू नको. ऑर्डरी येत होत्या तोवर तू कुठेतरी आहेस असं वाटत होतं. शेजारचा प्रेस बंद झाला, जेवणाची सुट्टी झाली. मग मी त्यांना लिहिलं की मावशी वारल्या. तुमच्या घरात जी कोण गात असेल, कशीही गात असेल, तिला विहिरीवर पाठवा.

तुझ्या आवाजाची फाईल मी पुसलेली नाही. पुसणारही नाही, तेवढं काळीज माझ्याकडे नाही. पण तिला आता नवीन नाव शिकवणार नाही. 'शॅरन' हे तू घेतलेलं शेवटचं नाव, मावशी. आणि ती या घरातलीच आहे, हिला तू बघितली होतीस.